खुर्ची माझ्या नावाची

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. धाकट्याने विचारला आणि मोठीने सुधारून पुन्हा विचारला, म्हणून तो मी दोघांचा धरते. "आजी, बाबा म्हणतो, तू विमानतळावर चीटिंग केलंस. केलंस का?" तुमचा बाबा मागे उभा राहून हसत होता, तेही मला स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसलं. तुमच्या शाळेची वेळ झाली होती, म्हणून मी तेव्हा उत्तर दिलं नाही.

आता इथे सुरतेत दुपारचे तीन वाजलेत. गल्लीतली पाण्याची वेळ संपली आहे, जेवणाची भांडी घासून झाली आहेत, आणि मी टेबलाशी बसून उत्तर लिहिते आहे. मुद्दाम मराठीत लिहिते. तुम्हाला अजून एवढं सलग वाचता येत नाही, तेव्हा बाबालाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. त्याच्याविरुद्धची वाक्यंसुद्धा. एकही गाळायचं नाही. पानांवर मी नंबर टाकले आहेत. मोठीने ते तपासून घ्यावेत.

तर आधी तिकीट.

गेल्या वर्षी तुमच्याकडे यायचं तिकीट मोबाइलवर आलं. मी नाक्यावरून त्याची छापील प्रत काढून आणली आणि पेन्सिल घेऊन ओळीने वाचली, जशी मी मुलांच्या उत्तरपत्रिका वाचत असे. नाव बरोबर. पासपोर्टचा नंबर बरोबर. जेवण शाकाहारी. त्याखाली चार अक्षरं होती: डब्ल्यू, सी, एच, आर. मी एकतीस वर्षं लिंबायतच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द काही मला लागेना. म्हणून मी नाक्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेले.

तो म्हणाला, "मासी, ए तो व्हीलचेअर छे. बधा ले छे."

"मला चालता येतं."

"चालवानी वात नथी, मासी. इंग्लिश ना आवडे ने, एटले. खुर्चीमां बेसी जवानुं, पेलो माणस ठेठ गेट सुधी मूकी जाय."

गुजरातीत 'आवडणं' म्हणजे 'येणं'. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी खुर्ची. मुलं परदेशात असलेल्या घरांत ही रीतच पडली आहे. आईबापांचे गुडघे धड असोत की नसोत, मुलं तिकीट काढतानाच खुर्ची मागून ठेवतात. म्हणजे पाटी वाचायला नको, कुणाला काही विचारायला नको, हरवायची भीती नको.

"मी इंग्लिशची टीचर होते," मी म्हणाले.

त्याने प्रत माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "तो पण लई लो ने, मासी. फुकट छे!"

त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाबाला फोन केला. संभाषण मी लगेच वहीत उतरवून ठेवलं होतं, म्हणून ते शब्दशः देते. त्याने खोडून दाखवावं.

"ती खुर्ची काढून टाक."

"आई, हट्ट करू नकोस. मध्ये विमान बदलायचं आहे. तिथे मैलभर चालावं लागतं."

"लिंबायतच्या गरनाळ्यातून मी रोज जाते-येते."

"गरनाळं आणि एअरपोर्ट एक नाही, आई."

"बरोबर. एअरपोर्टवर पाणी साचत नाही."

गरनाळं म्हणजे रेल्वेच्या रुळांखालून जाणारा बोगदा, हे धाकट्याला सांगा. पावसाळ्यात तिथे रिक्षाही बंद पडतात.

खुर्चीचा मला एवढा राग का, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही लहान होतात. सहा वर्षांपूर्वी मी आणि तुमचे आजोबा तुमच्याकडे आलो होतो. तेव्हा आम्ही दोघंही मुकाट्याने खुर्चीत बसलो होतो. सगळे बसतात, आपणही बसू. विमानतळावर बसलो ते तीन महिने उठलोच नाही, असं मला वाटतं. खुर्चीतून गाडीत, गाडीतून सोफ्यावर. कुठे जायचं, किती वाजता, कुठला स्वेटर, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. दारापर्यंत ढकलत आणलेल्या माणसाला पुढेही ढकलतच ठेवतात. त्यात कुणाची दुष्टाई नसते.

तुमच्या आजोबांना तिथे एकच गोष्ट बघायची होती. तुमच्या घरापासून बसने तासाभरावर एक जुनी सुती कापडाची गिरणी आहे. तिचं आता संग्रहालय केलंय आणि दिवसातून एकदा तिथले जुने माग चालवून दाखवतात. आजोबा जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते. इथे त्या कारखान्याला 'खातं' म्हणतात. ज्या देशातून ही यंत्रं आली तिथला माग कसा वाजतो, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. तुमचा बाबा दर वेळी म्हणायचा, "पुढच्या रविवारी जाऊ." तेरा रविवार झाले. मग परतीचं विमान आलं. पुढच्या वर्षी आजोबा गेले.

मी हे बाबाला टोचण्यासाठी लिहीत नाही. थोडं टोचण्यासाठी लिहिते.

तर फोनवर मी म्हटलं, "या वेळी मी त्या गिरणीत जाणार आहे. एकटी. बसने."

तो म्हणाला, "ठीक आहे. अट घालू. तू विमानतळावरून स्वतःच्या पायांनी, कुणाच्या मदतीशिवाय बाहेर आलीस, तर तिथे बसने कुठेही एकटी जा. खुर्चीत बसलीस, तर मी म्हणेन तसं. एकदा जरी बसलीस तरी हरलीस."

"मान्य," मी म्हणाले. माझं वय तेव्हा एकाहत्तर होतं. इतक्या वयाच्या बाईने रस्त्यावरून चालायचा परवाना पैजेवर मिळवावा, यात काही चमत्कारिक आहे हे मला त्या क्षणी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला. चाकांची छोटी बॅग घ्यायची, तिच्यात गव्हाच्या पिठाचे दोन पुडे ठेवायचे आणि गरनाळ्यातून पलीकडे जाऊन परत यायचं. रोज सकाळी, दोन महिने. पहिल्या आठवड्यात रिक्षावाले थांबून विचारायचे, "बा, टेशन मूकी जाऊं?" तिसऱ्या आठवड्यात एकजण दुसऱ्याला म्हणाला, "रेवा दे, ए बा रोज घर छोडीने जाय छे, ने रोज पाछी आवे छे." शेजारणी गच्चीवरून बघायच्या. त्यांतली एक धुळ्याकडची, अगदी जुनी. ती रोज तेच ओरडायची, "कसाले पाय तोडतीस व बाई? फुकटनी खुर्ची शे, बठी जाय ना!"

निघायच्या दिवशी सुरतच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मॅम, व्हीलचेअर येईलच. तिथे बसा."

मी इंग्रजीत म्हणाले की ती काढून टाकावी. ती म्हणाली, मुलाने मागितली आहे. मी म्हणाले, प्रवास मी करते आहे. तिने साहेबांना बोलावलं, साहेबांनी कागद आणला, मी त्यावर सही केली. सहीखाली तारीख घातली. तिथे भिंतीशी आठ-नऊ खुर्च्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांत माझ्या वयाची माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसली होती. त्यांच्यापुढून मी माझी बॅग खडखडत नेली. मान जरा जास्तच ताठ होती, हे आता कबूल करते.

आत थांबण्याच्या जागी एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. काठाची साडी, पायांत नवे पांढरे बूट, आणि पिशवीला सेफ्टीपिनने लावलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर इंग्रजीत होतं की या बाईंना इंग्रजी येत नाही, कृपया मदत करावी, आणि खाली मुलीचा पत्ता. तो तुमच्याच शहराचा होता.

"बाई, तुम्ही बी एकल्याच का?" तिने विचारलं. ती सुरतेतल्याच नवागामची. घरची बोली अहिराणी, तुमच्या आजोबांसारखी. मुलीला मुलगा झाला होता, त्याला सांभाळायला निघाली होती. नवरा खात्यात माग चालवायचा आणि ती स्वतः वीस वर्षं बॉबिन भरायची. तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते. उठताना ती खांबाला धरत होती. आणि तिच्यासाठी कुणी खुर्ची मागितली नव्हती. अशी काही सोय असते हेच तिच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. जिला हवी तिला नाही, जिला नको तिच्या मागे लागलेली.

विमानात तिची जागा पुढे होती, माझी मागे. म्हणून आखातातल्या त्या मोठ्या विमानतळावर उतरताना ती माझ्याआधी उतरली आणि गर्दीबरोबर निघून गेली.

मी उतरले तर दाराशीच एक माणूस रिकामी खुर्ची घेऊन उभा. त्याच्या हातातल्या पाटीवर माझं नाव. सुरतेत मी केलेली सही तिथपर्यंत पोचलीच नव्हती. मी मान फिरवून त्याच्या पुढून निघून गेले.

आता तुमचा बाबा म्हणाला ते खरं होतं, हे लिहायला हवं. ती जागा संपतच नाही. सरकता रस्ता, मग जिना, मग एक छोटी आगगाडी, मग पुन्हा सरकता रस्ता. पाट्या सगळ्या वाचता येत होत्या. त्याचा काहीही उपयोग नव्हता, कारण त्या सगळ्या 'अजून पुढे' एवढंच सांगत होत्या. गरनाळ्यात दोन महिने चाललेला माझा डावा गुडघा त्या गुळगुळीत फरशीवर अर्ध्या तासात बोलायला लागला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला.

तोच माणूस. मिशा पिकलेल्या, उत्तर प्रदेशकडचा. "माताजी, आप ही हैं ना?"

"कशावरून?"

"बोर्ड पर फोटो तो नहीं है. लेकिन पंद्रह साल से यही काम है. जो मुँह फेर के निकले, वही होती है."

मला हसू आलं. हसले आणि सगळा जोर गेला. गेट अजून किती लांब आहे, मी विचारलं. त्याने हाताने दाखवलं, आणि हात दाखवत असलेल्या दिशेला मला शेवट दिसेना.

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याने इथे थांबू नये, पुढे वाचत राहावं.

मी बसले. त्या खुर्चीत. पाय पायरीवर ठेवले, बॅग मांडीवर घेतली, आणि अगदी त्या सुरतच्या रांगेतल्या माणसांसारखी दिसू लागले असणार. किती वेळ? एक मिनिट, फार तर दीड. इतकं बरं वाटलं की मला माझाच संताप आला. मनात म्हटलं, संपलं. गिरणी गेली. पुढच्या रविवारी जाऊ.

आणि तेव्हा मला ती दिसली.

त्या वाटेच्या एका बाजूला काचेची भिंत होती. पलीकडे खालच्या अंगाला दुसरी वाट, शहरात बाहेर पडणाऱ्यांची. तिथे नवागामची ती बाई उभी होती आणि दोन्ही तळहातांनी काचेवर थापट्या मारत होती. गर्दीमागे जाता जाता भलत्याच वाटेला लागली होती. आवाज काहीच येत नव्हता. लोक तिच्याकडे बघून पुढे जात होते. तिने मला पाहिलं, आणि थापट्या थांबवून तोंड उघडलं.

आता तुम्हाला खात्यातली बोली सांगायला हवी. शंभर माग एकदम चालतात तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून खात्यातली माणसं आवाजाशिवाय बोलतात. ओठ ताणून, प्रत्येक अक्षर तोंडावर मांडून, आणि अडेल तिथे हाताची खूण. मूठ उभी धरली की 'थांबव'. तळहात उलटा केला की 'दोरा तुटला, मागे फिर'. बोटाने अंगठा घासला की 'चहा'. आजोबांचे कान खात्यात तरुणपणीच मंद झाले, तेव्हापासून आमचं सगळं घर तसंच बोलायचं. तुमचा बाबा तर शाळेतून आल्यावर आजोबांशी अंगणभर लांबून भांडायचा, एक शब्दही न काढता.

काचेपलीकडून ती बाई ओठांनी म्हणाली, "बाई! मी कथा जाऊ?"

अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. काच जाड होती, अंतर बरंच होतं, तरी मी ते छापल्यासारखं वाचलं.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही, पण बॅग खाली पडल्याचं आठवतं. काचेशी जाऊन मूठ उभी धरली. थांब. तळहात उलटा केला. मागे फिर. मग ओठांनी एकेक शब्द मांडला: निळी. पाटी. जिना. वर. तिला वाचता येत नव्हतं, पण निळा रंग सगळ्यांना येतो. तिने मान हलवली, तळहात उलटा करून मला दाखवला, म्हणजे मागे फिरते, आणि वळून चालू लागली. लंगडत, भिंत धरत.

पाठीमागे तो मिशीवाला म्हणाला, "ये कौन सी भाषा थी, माताजी?"

"सुरतची," मी म्हणाले.

ती वर यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा चेहरा मातीसारखा झाला होता. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा."

"तुमनी शे ना ती?"

"नाव माझं आहे. बसा तुम्ही."

तो माणूस पाटी पुढे करून म्हणाला, "नाम तो आपका लिखा है."

"माझं आहे म्हणून तर कोण बसणार ते मी ठरवते."

त्याने खांदे उडवले आणि खुर्ची तिच्या मागे आणून लावली. ती बसली आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग आम्ही निघालो. ती खुर्चीत, तो मागे, मी बाजूने चालत. वाटेत मी तिला माझी पैज सांगितली, जरा ऐटीतच. शेवटी म्हणाले, "मी काही खुर्चीत बसून जाणार नाही." थोड्याच वेळापूर्वी बसलेली बाई हे म्हणत होती, हे लक्षात घ्या.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बठनं म्हणजे काय मरनं शे का, बाई? माले बठाडं म्हणून मी का कमी हुई गऊ? मना नातवाकडे मीच जाई राहिनू ना?"

 पुढच्या विमानात मी तो प्रश्न वहीत उतरवून ठेवला.

तुमच्या देशात उतरल्यावरही माझ्या नावाची खुर्ची उभी होतीच. ती बाई तिच्यात हक्काने बसली. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने तिला प्रश्न विचारले, मी तिच्यासाठी उत्तरं दिली आणि माझी स्वतःचीही दिली. मग दार उघडलं आणि कठड्यापलीकडे तुम्ही चौघं दिसलात. मोठीच्या हातात फुगा होता. तुमच्या बाबाला लांबून खुर्ची दिसली, तिच्यावर लटकणारी माझ्या नावाची पाटी दिसली, आणि गर्दीच्या डोक्यांवरून त्याने ओठांनीच मला ऐकवलं, "शेवटी बसलीसच ना!"

मी खुर्चीमागून बाहेर आले आणि दोन बोटं चालवून दाखवली. "बघ. चालते आहे."

मग त्याने ती दुसरी बाई पाहिली. तिची मुलगी रडत धावत आली, ते सगळं तुम्हाला आठवत असेल. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "पण वाट त्या खुर्चीवाल्यानेच दाखवली ना? म्हणजे मदत घेतलीस. हे चीटिंग झालं." तुम्ही दोघं मागे 'चीटिंग, चीटिंग' करत होतात. तुमची आई म्हणाली, "अहो, त्यांना आधी घरी तरी पोचू द्या." तो चीटिंग शब्द तिथून आला.

 वाट खुर्चीवाल्याने दाखवली, हे बाबाचं म्हणणं मी सहज खोडू शकले असते. पाट्या मी वाचत होते, नवागामच्या बाईला वाट मी सांगितली. पण ते दीड मिनिट माझ्या पोटात होतं. अटीप्रमाणे मी हरले होते आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला, पोळी वाढून घेताना, अगदी प्रेमाने तुमचा बाबा म्हणाला, "आई, ती गिरणी ना? पुढच्या रविवारी जाऊ सगळे."

मी पोळी मोडली. आणि मला त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. नाही, बसणं म्हणजे मरणं नव्हे. ती बसून आली आणि स्वतःच्या नातवाकडे स्वतः पोचली. मी चालत आले आणि तरी पुढच्या रविवारची वाट बघत बसले. म्हणजे प्रश्न खुर्चीचा नव्हताच. मी ती अट मान्य केली, तीच चूक होती. कुठे जायचं हे ठरवायचा अधिकार पायांनी मिळवायचा नसतो, आणि गुडघे गेले म्हणून तो जातही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शाळेत आणि ते दोघं कामाला गेल्यावर मी फ्रिजवर चिठ्ठी लावली. जाण्याची बस, तिची वेळ. येण्याची बस, तिची वेळ. सोबत काय आहे: फोन, औषध, छत्री, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या तिखट पापडांचा, डबा. सर्वांत खाली: 'पाच वाजता घरी. काळजी करायची असल्यास पाचनंतर करावी.' परवानगी कुठेही मागितली नव्हती. ती चिठ्ठी तुमच्या आईने जपून ठेवली आहे, तिच्याकडून बघा.

बस मिळाली. एकदा चुकीच्या थांब्यावर उतरले, विचारलं, दुसरी बस घेतली. गिरणी लाल विटांची, उंच खिडक्यांची. दुपारी दोन वाजता गुलाबी स्वेटर घातलेल्या माझ्याच वयाच्या एका बाईने आम्हा दहाबारा लोकांना आत नेलं, कान झाकायला सांगितलं आणि माग सुरू केला.

सगळ्यांनी कान झाकले. मी नाही झाकले. तोच आवाज. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तुमचे आजोबा खात्यातून येताना हाच आवाज अंगात घेऊन यायचे, आणि जेवताना त्यांचा गुडघा याच ठेक्यावर हलायचा. मी तिथे उभी राहिले आणि त्यांच्या वाटणीचंही ऐकून घेतलं.

गुलाबी स्वेटरवालीने लांब दाराशी उभ्या असलेल्या आपल्या सहकाऱ्याकडे पाहून ओठ हलवले. ताणून, एकेक अक्षर मांडून. इंग्रजीत. "ती बाई बघ. कान झाकत नाही."

इंग्रजी मला येत होतं आणि खातंही येत होतं. मी हात वर केला आणि तसेच ओठ ताणून इंग्रजीत म्हणाले, "माझा नवरा खात्यात फिटर होता. सुरत."

तिने मागच बंद केला. बाकीच्या लोकांना वाटलं, काही बिघडलं. ती माझ्याजवळ आली. तिची आई तिथे विणकर होती. आवाजाशिवाय बोलणं ती आईकडून शिकली होती. "तुमच्याकडे हे अजून चालतात?" तिने विचारलं.

"रात्रंदिवस."

"आमच्याकडे दुपारी वीस मिनिटं," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून बिबड्या खाल्ल्या. तिखट लागल्या तिला, पण तिने दुसरी मागितली.

मी घरी पोचले तेव्हा पाचाला दहा मिनिटं होती. तुमचा बाबा कामावरून लवकर येऊन दारातच उभा होता. हातात फ्रिजवरची चिठ्ठी. मोठी त्याच्या शेजारी होती, दप्तर अजून पाठीवर. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी फाटकाशीच थांबले आणि उत्तर तयार ठेवलं.

पण त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग लहानपणी अंगणाच्या टोकाहून आजोबांना विचारायचा तसं, आवाज न करता, ओठ ताणून त्याने विचारलं, "आते कथा?"

आता कुठे?

मी उत्तर देण्याआधीच मोठीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "कथा? कुठली कथा, आजी?"

अर्थ चुकलीस. पण ओठ तू बरोबर वाचलेस, कुणी न शिकवता. तेव्हा मी नुसती हसले होते.

कुठली कथा, तर ही. चीटिंग केलं का? दीड मिनिट बसले होते, हे उत्तर. पण तुझ्या बाबाने दारात जे विचारलं त्यात अट नव्हती. त्यालाही आज उत्तर देते. उन्हाळ्यात मी येते आहे, आणि यंदा समुद्र बघायचा आहे. तिकिटावर खुर्ची मी स्वतः मागून ठेवली आहे. नवागामची बाई पुन्हा सोबत आहे. गुडघे दोघींचे, वाट आमची.